चारशेचा बाऊ नको, शंभरची मात्रा धरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत तालाच्या व्हिडिओ गेमवर आलेला लेख वाचला. मराठी वृत्तपत्राने या खेळाला एवढी जागा दिली याचा मनापासून आनंद झाला. पण ‘फॅसिनेशन मॅक्स’ या गाण्याबद्दल त्यात जे लिहिले आहे, त्याने नव्या खेळाडूची दिशाभूल होईल. लेखातले पहिले विधान असे की, हे गाणे म्हणजे मिनिटाला ४०० ठोक्यांचा निव्वळ वेग आहे आणि घोकंपट्टी केल्याशिवाय ते जमत नाही. दुसरा सल्ला असा की, नवख्याने बाणांचा वेग शक्य तितका कमी ठेवावा. पहिले विधान अर्धवट आहे आणि दुसरा सल्ला तर साफ उलटा आहे. दोन्हींचे कारण एकच असल्याने ते जरा सविस्तर मांडतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ हा कोनामी या जपानी कंपनीचा खेळ १९९८ मध्ये आला. पायाखाली चार बाणांचे पॅनल, समोर पडदा. पडद्यावर खालून बाण वर येतात, वरच्या स्थिर बाणांशी ते जुळले की त्या दिशेच्या पॅनलवर पाय द्यायचा. २००१ मध्ये त्यात ‘मॅक्स ३००’ आले, नावाप्रमाणेच ३०० बीपीएमचे, म्हणजे मिनिटाला ३०० ठोक्यांचे. पुढच्याच वर्षी ३२० चे ‘मॅक्स अनलिमिटेड’ आणि ३३३ चे ‘लेजंड ऑफ मॅक्स’ आले. आकडा असा चढत गेला आणि २००६ च्या ‘सुपरनोव्हा’ आवृत्तीत, एक्स्ट्रा स्टेजला, म्हणजे चांगले खेळल्यावर मिळणाऱ्या जादा फेरीत, ‘फॅसिनेशन मॅक्स’ आले. या सगळ्यांमागे संगीतकार नाओकी माएदा आहेत. पहिल्या खेळातल्या ‘पॅरानॉइया’ला त्यांनी कलाकाराचे नाव म्हणून ‘१८०’ हा गाण्याचा बीपीएमच दिला होता. ‘फॅसिनेशन मॅक्स’वर नाव आहे ‘१००-२००-४००’. गाण्याची सगळी किल्ली या नावातच आहे.

१००, २००, ४००. प्रत्येक आकडा आधीच्याच्या दुप्पट. तबला किंवा कथक शिकलेल्या कोणालाही हे लगेच कळेल: ठाय, दुगुन, चौगुन. १०० बीपीएमला एक मात्रा ०.६ सेकंदाची, २०० ला ०.३ आणि ४०० ला ०.१५. आता १०० च्या भागात पाव मात्रेला एक बाण असेल, तर दोन बाणांमधले अंतर ०.१५ सेकंद होते. २०० च्या भागात अर्ध्या मात्रेला एक बाण, तरीही ०.१५. ४०० च्या भागात मात्रेला एक बाण, पुन्हा ०.१५. पायाला तिन्ही ठिकाणी तेच काम आहे. फरक इतकाच की, आपल्याकडे दुगुन-चौगुन लिहिताना मात्रा तीच राहते आणि एका मात्रेच्या कंसात दोन किंवा चार बोल बसतात. इथे मात्राच दुप्पट-चौपट वेगाने धावते आणि बोल मात्रेला एकेकच राहतो. कानाला व पायाला ज्याचे फारसे ओझे नाही, त्याने डोळ्याची मात्र दैना होते, कारण बाण पडद्यावर मात्रेच्या हिशेबाने सरकतात.

म्हणूनच ४०० या आकड्याचा बाऊ करू नये असे आम्हाला वाटते. ४०० ला मात्रेमागे एक पाऊल म्हणजे सेकंदाला साडेसहाच्या थोडी वर पावले. ‘मॅक्स ३००’ मध्ये ३०० बीपीएमवर अर्ध्या मात्रेचे सलग तुकडे आहेत. तिथे दोन पावलांत ०.१ सेकंद, म्हणजे सेकंदाला दहा पावले होतात. आकडा शंभराने कमी असूनही त्या तुकड्यांत पायांची परीक्षा जास्त आहे. ४०० वर अर्ध्या मात्रेचे बाण आले तर अंतर ०.०७५ सेकंदावर येते आणि ते खरोखर अवघड आहे, पण ती गोष्ट त्या तुकड्यापुरती. बीपीएमवरून गाण्याची अवघड पातळी सांगणे म्हणजे बोल न पाहता नुसत्या लयीवरून तबल्यातल्या कायद्याचा अंदाज बांधणे.

आता डोळ्याचे काय होते ते नीट पाहू. घरी सराव करणारे बरेच जण ‘स्टेपमेनिया’ हा मुक्त सॉफ्टवेअर खेळ वापरतात, म्हणून त्याची मापे घेतो. बाण सरकण्याचा वेग खेळाडूला पटीत निवडता येतो, गाण्याची लय त्याने बदलत नाही. त्यात १ पट वेगाला एका मात्रेला ६४ पिक्सेल मिळतात आणि बाणही ६४ पिक्सेलचाच असतो. ४८० पिक्सेल उंचीच्या मूळ पडद्यावर स्थिर बाणांच्या खाली सुमारे पावणेसहा मात्रा मावतात. वेग दीड पट केला की मात्रेला ९६ पिक्सेल मिळतात आणि पडद्यावर पावणेचार मात्रा उरतात. ४०० च्या भागात या पावणेचार मात्रा म्हणजे ०.५७ सेकंद, १०० च्या भागात त्याच पावणेचार मात्रा म्हणजे २.२८ सेकंद. बाण ०.१५ सेकंदाच्या अंतराने येत असतील, तर ४०० ला एका वेळी जेमतेम चार बाण दिसतात, तेही एकमेकांपासून ९६ पिक्सेलवर, मोकळे. १०० ला पंधरा बाण दिसतात आणि अंतर असते फक्त २४ पिक्सेल. बाण ६४ चा आणि अंतर २४ चे, म्हणजे प्रत्येक बाणाचा निम्म्याहून जास्त भाग पुढच्या बाणाशी गुंततो. डावा कोणता, खालचा कोणता, कोणता आधी हे पाहता पाहता नजर थकते.

लेखातला ‘वेग कमी ठेवा’ हा सल्ला पाळून १ पट ठेवले तर हे अंतर १६ पिक्सेलवर येते आणि पडद्यावर बावीस-तेवीस बाण जमतात. नवखा खेळाडू तिथेच हात टेकतो आणि गाण्याला ‘अशक्य’ म्हणून मोकळा होतो. संथ भागासाठी जास्त वेग लागतो, कमी नव्हे. ही गोष्ट सुरुवातीला कोणालाही पटत नाही, पण एकदा १०० चा भाग ३ पटीने खेळून पाहावा म्हणजे खात्री पटते.

मग सरसकट ३ पट का ठेवू नये? कारण ४०० च्या भागात ३ पटीला पडद्यावर दोनपेक्षा कमी मात्रा मावतात आणि बाण दिसल्यापासून पाय टेकेपर्यंत ०.२८ सेकंद मिळतात. नुसता दिवा लागलेला पाहून बटण दाबायलाच माणसाला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. इथे तर दिशा ओळखायची, वजन दुसऱ्या पायावर घ्यायचे आणि पाय हलवायचा आहे. तेव्हा तडजोड करावीच लागते. ती अंदाजाने न करता हिशेबाने करावी. आधी १५० च्या आसपासचे, लय न बदलणारे गाणे घ्या. २ पट, ३ पट, ४ पट असे खेळून पाहा. जिथे वाचन सर्वांत सुखाचे वाटते त्या ठिकाणचा बीपीएम गुणिले पट हा आपला आकडा. १५० ला ३ पट सुखाचे असेल तर आपला आकडा ४५०, ४ पट असेल तर ६००. आकडा ६०० असलेल्याने ‘फॅसिनेशन मॅक्स’ला दीड पट घेतली तर तिन्ही भागांत त्याला अनुक्रमे १५०, ३०० आणि ६०० मिळतात. २ पट घेतली तर २००, ४०० आणि ८००. आमचे मत २ पटीच्या बाजूने आहे. ४०० च्या भागात ०.४३ सेकंद मिळतात, ते थोडे तोकडे पडतात, पण तिथे बाण सुटे दिसतात आणि सरावाने साधते. १०० च्या भागात मात्र २४ ऐवजी ३२ पिक्सेल मिळतात. ते आठ पिक्सेल फार मोलाचे आहेत.

खरा घात होतो तो लय बदलण्याच्या जागी. समजा १०० चा भाग संपून ४०० चा सुरू होणार आहे. बाणांची जागा मात्रेवर ठरते, म्हणून पुढच्या भागातले बाण आधीच पडद्यावर आलेले असतात, आणि तेही १०० च्याच संथ चालीने वर सरकत असतात. ते मोकळे-मोकळे दिसतात, रंगानेही मात्रेवरचे, म्हणजे ‘नोट’ रंगसंगतीत (तीत बाणाचा रंग मात्रेतल्या त्याच्या जागेवरून ठरतो) लाल. पाहणाऱ्याला वाटते की आता आरामात एकेका मात्रेवर पाऊल टाकायचे आहे, ०.६ सेकंदाला एक. पहिला बाण वर पोहोचतो आणि त्याच क्षणी सगळी रांग चौपट वेगाने निघते. दुसरे पाऊल ०.६ सेकंदाच्या अंदाजाने टाकेपर्यंत चार बाणांची वेळ होऊन गेलेली असते. स्टेपमेनियात पाऊल मागे-पुढे पडण्याची सर्वांत ढिली सवलतसुद्धा १८० मिलिसेकंदांची आहे, त्यामुळे गेलेले बाण गेलेच. लोक म्हणतात, ‘इथे अचानक झाले.’ पडद्यावर सूचनेची पाटी लागत नाही हे खरे. पण सूचना नसते असे नाही, ती बाणांच्या दाटीत असते.

हे एकदा लक्षात आले की गाणे वाचता येऊ लागते, म्हणून पुन्हा सांगतो. एकमेकांत गुंतलेल्या बाणांची रांग संपून जिथे मोकळी रांग सुरू होताना दिसते, तिथे बहुधा लय चढणार आहे. उलट, ४०० च्या भागात असताना खालून दाट रांग येताना दिसली तर घाबरू नये. पाव मात्रेचे बाण ४०० ने खरेच आले असते तर दोन पावलांत ०.०३७५ सेकंद उरले असते, ते कोणत्याच पायाला शक्य नाही. तेव्हा ती दाटी म्हणजे लय उतरणार असल्याची खूण समजावी. दाटीकडे बघून पाय घाईला येतात ही अगदी सार्वत्रिक चूक आहे. दाट दिसले की पाय आहे त्याच चालीत ठेवायचे. ‘नोट’ रंगसंगतीही मदतीला येते: मात्रेवरचा लाल, अर्ध्या मात्रेचा निळा, पाव मात्रेचा पिवळा. सलग रांगेतले रंग लालवरून लाल-निळ्यावर, आणि त्यावरून पिवळे मिसळलेल्या रांगेवर गेले, तर लय उतरत चालली आहे. काही खेळाडू सजावटीसाठी एकरंगी बाण लावतात. या गाण्यापुरते तरी तसे करू नये.

थांबे हा वेगळा प्रकार आहे. ‘मॅक्स ३००’ च्या मधल्या थांब्याने अनेकांना पहिल्यांदा तोंडघशी पाडले. थांब्यात बाणांची रांग जागच्या जागी गोठते आणि ठरावीक काळाने तिथूनच पुढे निघते. स्टेपमेनियाच्या फाइलमध्ये लयीची ओळ आणि थांब्यांची ओळ वेगळी असते. लयीच्या ओळीत ‘अमुक मात्रेपासून अमुक बीपीएम’ आणि थांब्यांच्या ओळीत ‘अमुक मात्रेवर अमुक सेकंद’ असे लिहिलेले असते. थांबा ज्या मात्रेवर लिहिला आहे त्या मात्रेवरचा बाण थांबा सुरू होतानाच टिपायचा असतो, संपल्यावर नाही. चूक होते ती त्याच्या पुढच्या बाणाला. तो स्थिर बाणाच्या अगदी जवळ येऊन उभा राहतो आणि पाय न राहवून आधीच पडतो. इलाज असा की थांबा सेकंदात न मोजता मात्रेत मोजायचा. २०० च्या लयीत ०.३ सेकंदाचा थांबा म्हणजे बरोबर एक मात्रा, ०.१५ चा म्हणजे अर्धी. मनातली मोजणी चालू राहिली तर तो थांबा उरत नाही, तबल्यातल्या दमासारखा, म्हणजे मोजून घेतलेल्या विरामासारखा, हिशेबाचा भाग होतो.

स्टेपमेनियात ‘सी-मॉड’ नावाची सोय आहे. त्यात बाण बीपीएमची पर्वा न करता कायम एकाच वेगाने येतात. सी ६०० लावले की ०.१५ सेकंदाचे अंतर सगळीकडे ९६ पिक्सेलचेच दिसते, मग भाग १०० चा असो वा ४०० चा. थांबेही नाहीसे होतात, त्यांच्या जागी नुसती मोकळी जागा दिसते. सरावाला ही सोय उत्तम आहे. पण फक्त तिच्यावर विसंबून राहू नये, कारण एक तर अशा गाण्यांत लय बदलण्याची गंमत पाहणे हाच खेळाचा गाभा आहे, आणि दुसरे म्हणजे गेम झोनमधल्या यंत्रावर ती मिळेलच असे नाही. हौशी मंडळी स्वतः रचलेल्या काही गाण्यांच्या नावातच ‘सी-मॉड नको’ असे लिहून ठेवतात, ते याचसाठी. ‘एम-मॉड’ मात्र जरूर वापरावा. तो गाण्यातला सर्वांत मोठा बीपीएम पाहून पट स्वतः ठरवतो. एम ६०० म्हटले की ४०० साठी तो दीड पट लावतो, आणि लय बदलली की बाणांची चालही बदलते. आपली पसंती २ पटीला असेल तर एम ८०० लावावा.

सरावाचा क्रम आम्ही असा सुचवू. पहिले काही दिवस पॅनलवर चढूच नये. गाणे लावावे आणि ०.६ सेकंदाची, म्हणजे १०० ची टाळी अखेरपर्यंत धरावी. ४०० चा भाग आला तरी टाळी तीच, तिच्यात चार मात्रा बसतात. २०० ला दोन बसतात. टाळी न डगमगता टिकली की त्याच टाळीवर तत्कार म्हणावा: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्, आधी ठायीत, मग दुगुनीत, मग चौगुनीत. कथकच्या वर्गाला जाणाऱ्या मुलामुलींना हे आधीच येते, त्यांच्या पायांत ०.१५ सेकंद तयार बसलेला असतो. त्यांनी या खेळाला परका समजण्याचे काही कारण नाही.

त्यानंतर सी-मॉडवर पावले बसवावीत. गाण्याची गती ०.७ पट केली तर ४०० चे २८० आणि १०० चे ७० होतात, प्रमाण बदलत नाही, म्हणून सराव वाया जात नाही. एफ७ कळ दाबली की प्रत्येक बाणाला टिक असा आवाज येतो. पाऊल पुढे पडते की मागे, हे त्यावरून कळते. पावले टाचेवर टाकू नयेत, चवड्यावर वजन ठेवावे आणि प्रत्येक पावलानंतर मधल्या जागेवर परत यायची सवय मोडावी. ०.१५ सेकंदात जाऊन-येऊन होत नाही. डावा-उजवा, डावा-उजवा हा क्रम सुटला की पुढच्या तीन-चार बाणांनंतर पाय एकमेकांत अडकतात. पावले बसल्यावरच मात्रेप्रमाणे सरकणाऱ्या बाणांकडे यावे, आणि तेव्हाही पूर्ण गाणे न खेळता फक्त लय बदलण्याच्या जागा घ्याव्यात, आधीची चार आवर्तने आणि नंतरची चार. पूर्ण गाणे पुन्हा पुन्हा खेळण्यात दम जातो आणि अवघड जागेशी गाठ फक्त काही क्षण पडते.

घरी खेळणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. ब्लूटूथ हेडफोन किंवा स्पीकर वापरू नका. त्यात आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज मागे पडतो. या गाण्यात १५० मिलिसेकंद म्हणजे आख्खा एक बाण. कान एक बाण मागे आणि डोळा एक बाण पुढे असे झाले की कितीही सराव केला तरी लय बदलताना पाय चुकणारच. तारेचा हेडफोन घ्या, टीव्हीवर खेळत असाल तर ‘गेम मोड’ चालू करा, आणि मग स्टेपमेनियातली आवाज-चित्र जुळवणी एकदा ओळखीच्या सोप्या गाण्यावर करून घ्या. ‘फॅसिनेशन मॅक्स’वर जुळवणी करायला जाऊ नका. बदलत्या लयीत चूक आपली की यंत्राची हे कळत नाही.

शेवटी आपल्या वृत्तपत्रामार्फत गेम झोन चालवणाऱ्यांना विनंती. नाचाची यंत्रे बहुधा कोपऱ्यात आणि शर्यतीच्या गाड्यांच्या शेजारी ठेवलेली दिसतात, आणि गोंगाट नको म्हणून त्यांचा आवाज अगदी उतरवलेला असतो. या पत्रात लय धरण्याबद्दल जे लिहिले ते कानावर अवलंबून आहे. आवाज ऐकू आला नाही तर बदलत्या लयीचे गाणे नुसत्या डोळ्यांवर खेळावे लागते आणि ते फार अवघड जाते. यंत्र शांत भिंतीकडे हलवावे, त्याचे स्पीकर खेळाडूच्या कानाच्या उंचीला मोकळे ठेवावेत. वेगाचे पर्याय निवडण्याचा पडदा कुठे बंद केलेला असेल तर तो चालू करावा, किमान दीड, दोन आणि तीन पट तरी मिळावेत. आणि पॅनलखालचे सेन्सर ठरावीक काळाने तपासावेत. एक पॅनल उशिरा लागत असेल तर सोप्या गाण्यात ते लक्षात येत नाही, ४०० च्या भागात मात्र त्या दिशेचा प्रत्येक बाण हुकतो आणि खेळाडू स्वतःलाच दोष देत बसतो.

आपल्या लेखकांनी पुढच्या भागात वेगाविषयीचा सल्ला दुरुस्त करून छापावा, एवढी अपेक्षा.

आपले,
तालाचे खेळ खेळणारे काही वाचक, पुणे